मापाड्याची पोर

रात्री दोनला माझा दिवस उजाडतो.
वाशीच्या भाजी मार्केटात, काट्यापाशी उभा राहून
मी पुकारतो: फ्लॉवर बावन्न, गवार सव्वीस,
नाशिकची शिमला साडेअडतीस.
अर्ध्या मुंबईच्या ताटातली भाजी
आधी माझ्या डोळ्यांखालून जाते.

आणि कोपरखैरण्यात, सेक्टर अठरातल्या दहा बाय बारात,
माझी मिथिला, वय साडेचार,
पांढरं सोडून काही खात नाही.

पांढरं म्हणजे दूधभात.
पावाचा मऊ गाभा, कडा सोडून.
साखर भुरभुरलेली पोळी, त्यातही डाग नसलेला भाग.
भातात फोडणीची एक मोहरी सापडली
की अख्खं ताट बाद.

वर्गीस डॉक्टरांनी तिला वजनावर उभं केलं.
बारा किलो नऊशे. त्यांच्याआधी मीच वाचलं, सवयीनं.
"समतोल आहार हवा," त्या म्हणाल्या,
आणि एक कागद दिला,
कागदावर गोल ताट, ताटाचे चार रंगीत तुकडे.
समतोल! बावीस वर्षं
दुसरं काय बघतोय मी?
घडी घालून खिशात ठेवला,
पावत्यांच्या पुस्तकात.

मग सुवर्णानं चोरटा धंदा सुरू केला.
दुधी किसून इडलीत. फ्लॉवर वाटून भातात.
सालं काढलेली मुगाची डाळ, पार दळून, धिरड्यात.
पण पोर कसली, जकात नाका!
घास उजेडाकडे धरायची, बोटांनी उलगडायची,
"ह्यात कायतरी आहे."
तळमजल्यावरच्या हिराबाई म्हणाल्या,
"सुका जवला भाजून दे, बोटा चाटंल."
बोटं मीच चाटली.
तिनं नाक दाबून खिडकी गाठली.

कार्टून लावलं. बागुलबुवा आणला. गच्चीवरचा कावळा दमला.
एकदा हात उगारला.
ते एवढंच लिहितो.

जानेवारीत एका रात्री सुवर्णाला महाप्यात नाइट लागली,
हिराबाई पुतणीच्या हळदीला उरणला,
म्हणून गोधडीत गुंडाळून पोरीला मार्केटला नेली.
मटाराचे दिवस. पायाखाली सगळीकडे शेंगा.
आल्याच्या ढिगापाशी मंदाकाकूंची जुनी तागडी होती,
तिच्याशी खेळायला बसली.
एका पारड्यात शंभराचं वजन,
दुसऱ्यात मूठभर शेंगा, आणखी मूठभर.
पारडं खाली बसलं.
"जास्त झालं गं," मी काट्यावरूनच म्हटलं, "कमी कर."

तिनं एक शेंग सोलली.
दाणे तोंडात टाकले, साल फेकून दिली.
पारडं ढिम्म.
दुसरी सोलली. तिसरी.
टेम्पोवाला ओरडला, "मापाडी, झोपलास काय!"
मी आकडा विसरलो होतो.
आठव्या शेंगेला
पारडं हललं, डुललं, वर आलं, थांबलं.
"आता बरोबर," ती म्हणाली. दातांना हिरवं लागलेलं.

मग विचारलं, "तू काय खाल्लंस?"
चहा.
"अजून?"
वडापाव. मग चहा.
तंबाखूचं सांगितलं नाही,
पण तिनं खिशाकडे बघितलं.

सकाळी सुवर्णाचा विश्वास बसेना.
तरी दुपारी मटारभात केला, डोळे चोळत.
मिथिला बसली, आणि एकेक दाणा वेचून
ताटाच्या कडेला लावत गेली.
सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं,
खोट्या मापाच्या दुकानदाराकडे बघावं तसं.

सतरा दाणे. मोजायची खोड जात नाही.
पांढरा भात खाऊन झाल्यावर
ताट माझ्यापुढे सरकवलं तिनं.
"हे तुझे. तुझं पारडं वर गेलंय."

मी खाल्ले.
ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली,
अगदी जवळ आली,
"आ कर बघू," म्हणाली,
"गिळलंस का खरंच?"